ग्रंथाचा कर्ता कोण?



पारिजातकाचे शास्त्रीय नाव 'निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस' असे आहे. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत या नावापुढे एकच अक्षर छापलेले आढळते, ते म्हणजे 'एल्'. स्वीडनमधील कार्ल लिनिअस याची ही खूण. १७५३ साली आपल्या 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात त्याने हे नाव नोंदविले आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे तोच त्या नावाचा कर्ता ठरला. लिनिअसने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. मग पारिजातकाची वार्ता त्याच्यापर्यंत नेली कोणी?

'आर्बर ट्रिस्टिस' म्हणजे उदास वृक्ष. हे उदासपण गोव्यातले आहे. गोव्यात वैद्यकी करणारा पोर्तुगीज पंडित गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापविलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात या झाडावर एक स्वतंत्र संवाद लिहिला आहे. पारिजातक नावाच्या एका थोर पुरुषाची कन्या सूर्यावर भाळली, सूर्याने तिला टाकले, तिने प्राणत्याग केला आणि तिच्या रक्षेतून हे झाड उगवले. म्हणून त्याची फुले सूर्याचे मुख पाहत नाहीत, ही कथाही त्याने तेथे दिली आहे. कथा या भूमीतल्या लोकांची. ती ओर्ताला सांगणाऱ्याचे नाव मात्र ग्रंथात नाही.

ओर्ताच्या नशिबी तरी काय आले? १५६७ साली क्लूसियस या पंडिताने त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला. त्यात संवाद मोडले, मजकुराची मांडणी बदलली. ओर्ताचे नाव त्याने राखले खरे. परंतु युरोपने ओर्ता वाचला तो क्लूसियसच्या हातचा. पुढल्याच वर्षी ओर्ता वारला. तो मूळच्या ज्यू घराण्यातला; १५६९ साली त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले आणि १५८० साली त्याच्या स्वतःच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या. आम्हां कॅथलिकांना हे सांगताना मान खाली घालावी लागते, पण सांगितल्यावाचून राहता येत नाही.

आता याहून मोठ्या ग्रंथाकडे वळू. कोचीनचा डच अधिपती हेंड्रिक व्हान रेडे याच्या नावाने 'होर्तुस मलाबारिकुस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि चित्रे त्यात आहेत. शीर्षकपृष्ठावरचे नाव व्हान रेडेचे असले, तरी पहिल्या खंडाच्या आरंभी काही दाखले जोडलेले आहेत आणि माझ्या मते त्या ग्रंथाचा खरा अलंकार तेच होत. इट्टी अच्युतन नावाच्या मल्याळी वैद्याने स्वतःच्या लिपीत लिहून दिले आहे की, वनस्पतींची नावे आणि त्यांचे गुण आपण आपल्या अनुभवातून व घरच्या पोथीतून सांगितले. हा वैद्य एळवा जातीचा होता, म्हणजे त्या काळच्या समाजाने ज्याला दूर उभे केले होते त्यांपैकी. दुसरा दाखला मानुएल कार्नेरो या दुभाषाचा. अच्युतनचे बोलणे पोर्तुगीज भाषेत उतरविण्याचे काम त्याचे होते. तिसरा दाखला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मण वैद्यांचा. गोव्यातून परागंदा होऊन कोचीनला वसलेल्या समाजातले हे वैद्य. त्यांनी आपला दाखला कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत लिहून दिला आणि त्यात दोन वर्षे केलेल्या श्रमांची साक्ष दिली. कोकणी भाषेच्या छापील नागरी अक्षरांचा हा अगदी आरंभीचा नमुना आहे. याखेरीज मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ हे कार्मेलाइट पाद्री, लॅटिन मजकूर सिद्ध करणारा कासेअरिउस, चित्रकार आणि रानावनांतून फांद्या तोडून आणणारी माणसे. या शेवटच्या माणसांचे दाखले अर्थातच नाहीत.

मग या ग्रंथाचा कर्ता कोण? ज्याने पैसा आणि सत्ता पुरविली तो, ज्याच्या मुखातून विद्या आली तो, की ज्याने ती लॅटिनमध्ये घातली तो?

हा प्रश्न जुना वाटेल, पण आजच्या विद्यापीठांतून तो रोज विचारला जातो आणि प्रत्येक शास्त्र त्याचे उत्तर निराळे देते. गणितात दोघातिघांनी मिळून निबंध लिहिला, तर नावे सामान्यतः आडनावांच्या रोमन वर्णक्रमाने येतात. अभ्यंकर आधी, वाघ शेवटी; त्यात मानापमान नाही. इंग्लंडमधील हार्डी आणि लिटलवुड या जोडीने तर असे ठरविले होते म्हणतात की, एखाद्या निबंधात दोघांपैकी एकाने काहीच भर घातली नसली, तरीही नावे दोघांची राहावीत. जीवशास्त्रात व वैद्यकात याच्या उलट. तेथे पहिले नाव प्रत्यक्ष प्रयोग करणाराचे, शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे, आणि मधली नावे वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. पदार्थविज्ञानातील महाकाय प्रयोगांत तर नावांची पलटणच उभी असते. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याला ५,१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी मजकूर नऊ पानांचा आणि बाकी चोवीस पाने बहुतेक नावांनीच भरलेली.

याच शास्त्रात १९७५ साली एका मांजराचेही नाव लेखक म्हणून छापले गेले आहे. अमेरिकेतील हेदरिंग्टन या प्राध्यापकाने एकट्याने निबंध लिहिला, पण सर्वत्र 'आम्ही' असा प्रयोग केला. नियतकालिकाला ते चालणार नाही असे सहकाऱ्याने सांगितले. टंकलिखित पुन्हा करण्याच्या कंटाळ्याने त्याने आपल्या मांजराला 'एफ. डी. सी. विलार्ड' असे भारदस्त नाव देऊन सहलेखक करून टाकले!

इतिहास आणि वाङ्मय या आमच्या घरच्या विद्यांत एकच कर्ता असण्याची रीत आहे. महामहोपाध्याय काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात सिद्ध झाला, तो एका माणसाच्या नावावर. परंतु येथेही काम मोठे झाले की रीत बदलते. वडोदऱ्याच्या प्राच्यविद्यामंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती काढली, तेव्हा कांडाकांडाला संपादक निरनिराळे नेमावे लागले. त्यांच्यामागे पोथ्यांतील पाठ ताडून पाहणारे साहाय्यक होतेच. रुमालांतील मोडी कागद वाचून देणाऱ्या कारकुनाचे नाव आमचे इतिहासकार फार तर प्रस्तावनेच्या शेवटी, छपाईची सोय करणाऱ्यांच्या ओळीत देतात. प्रयोगशाळेत तेवढ्या कामाला सहलेखकाचा मान मिळाला असता.

ज्याची त्याची रीत ज्याच्या त्याच्या घरी राहती, तर तक्रार नव्हती. अडचण आली ती मापे आल्यामुळे. कोणता निबंध किती जणांनी उद्धृत केला याची मोठी सूची यूजीन गारफील्ड यांनी फिलाडेल्फियाहून १९६४ च्या सुमारास सुरू केली. ग्रंथशोधनाचे ते साधन. पुढे त्याचा तराजू झाला. २००५ साली हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने एक अंक सुचविला. ज्याचे वीस निबंध प्रत्येकी निदान वीस वेळा उद्धृत झाले, त्याचा अंक वीस. हिशेब सुटसुटीत आहे. पण पाच हजारांच्या पलटणीतील एक आणि वर्षाकाठी एखादाच निबंध लिहिणारा गणिती यांना एकाच फूटपट्टीने मोजणे कितपत न्याय्य?

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमावलीत संयुक्त निबंधाच्या गुणांची वाटणी ठरवून दिली होती. पहिला अथवा मुख्य लेखक आणि पत्रव्यवहार पाहणारा लेखक अगर मार्गदर्शक यांना मिळून साठ टक्के. उरलेले चाळीस टक्के बाकीच्यांत समसमान. पहिले नाव ते मुख्य नाव, ही जीवशास्त्राची रीत येथे सर्व शास्त्रांना लागू झाली. तिघांनी सारख्या श्रमाने गणिताचा निबंध लिहिला, तर त्यातील वाघांनी काय करावे? बढती आणि वेतन या गुणांवर अवलंबून असता हा प्रश्न केवळ मानाचा राहत नाही. शिवाय साठ टक्क्यांत मार्गदर्शकाचा वाटा लिहून ठेवल्यावर, केवळ वडीलकीच्या जोरावर नाव घालून घेणाऱ्यांना आवरणार कोण?

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ साली व्हँकूव्हर येथे एकत्र येऊन हस्तलिखितांसाठी समान नियम करण्यास आरंभ केला. लेखक कोणाला म्हणावे याच्या अटी पुढे त्यांत आल्या. कामात भरीव वाटा, लेखनात सहभाग, अखेरच्या मसुद्याला संमती, आणि मजकुराबद्दल जाब देण्याची तयारी. या शेवटच्या अटीमुळेच २०२३ साली, आपोआप मजकूर लिहिणाऱ्या संगणकयंत्रणांना लेखक मानण्यास त्यांनी नकार दिला, आणि तो मला योग्य वाटतो. यंत्राला साक्षीला कसे बोलाविणार? आता अनेक नियतकालिके आणखी पुढे गेली आहेत. कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केला, आकडे कोणी तपासले, असे कामाचे चौदा प्रकार ठरवून प्रत्येक नावापुढे त्याचे काम ती छापतात. ही सुधारणा नवी म्हणून सांगितली जाते. १६७८ सालच्या ग्रंथात अच्युतन, कार्नेरो आणि आमचे तिघे वैद्य यांचे दाखले छापून व्हान रेडेने दुसरे काय केले होते?

'होर्तुस'च्या पहिल्या खंडात पारिजातकही आहे, 'मंजपूमेरम्' या मल्याळी नावाने, आणि लिनिअसने त्याचा आधार दिलेला आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञाने अच्युतनच्या स्मरणार्थ एका प्रजातीला 'अकुडेमिया' असे नाव दिले. नियमाप्रमाणे त्या नावापुढे कर्ता म्हणून ब्लूमेचे नाव छापले जाते.