ब्रोकेडिया ॲनॅमॉक्सिडन्स

कँडिडेटस ब्रोकेडिया ॲनॅमॉक्सिडन्स हा प्लँक्टोमायसीट्स गटातील जीवाणू आहे. ऑक्सिजन नसताना तो अमोनियम व नायट्राइट यांचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील गिस्ट-ब्रोकेड्स या यीस्ट कारखान्याच्या सांडपाण्यामुळे त्याचा शोध लागला. ‘ब्रोकेडिया’ हे नाव त्या कारखान्यावरूनच पडले.

शोध

असा जीव निसर्गात असला पाहिजे, असे भाकीत ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ मध्ये केवळ ऊर्जेच्या हिशेबावरून केले होते. पुढे आर्नोल्ड मुल्डर यांना कारखान्यातील शुद्धीकरण संयंत्रात ऑक्सिजनशिवायच अमोनियम नाहीसे होताना आढळले. तोवर ही क्रिया ऑक्सिजनखेरीज अशक्य मानली जात असे. १९९५ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. मात्र ते घडवणारा जीव कोणता, हे अज्ञातच होते.

ओळख

नवी जीवाणू जाती ठरवण्यासाठी सामान्यतः एका पेशीपासून शुद्ध संवर्धन वाढवतात. येथे ते साधेना. या जीवाणूची संख्या दुप्पट होण्यास सुमारे ११ दिवस लागतात आणि पेशींची दाटी असल्याखेरीज तो क्रियाशीलही राहत नाही. म्हणून मार्क स्ट्राउस व सहकाऱ्यांनी पेशी वाहून जाणार नाहीत अशा संयंत्रात गाळ दीर्घकाळ वाढवला आणि घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या अपकेंद्रणाने तो इतका शुद्ध केला, की २०० ते ८०० पेशींमागे एखादीच परकी पेशी उरली. या पेशींतील १६एस रायबोसोमल आरएनए जनुकाच्या क्रमावरून जीवाणूचे वर्गीकरण निश्चित झाले. हे संशोधन १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु एवढी शुद्धता नामकरणाच्या नियमांना पुरेशी नाही. अधिकृत नावासाठी शुद्ध संवर्धन दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावे लागते. त्यामुळे या नावाआधी ‘कँडिडेटस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘उमेदवार’, हा शब्द लावला जातो. ज्याच्या कार्याविषयी एवढी माहिती आहे, तो जीव नियमांच्या लेखी उमेदवारच राहिला, ही विसंगती संवर्धनावर आधारलेल्या पद्धतीची मर्यादा दाखवते. २०२२ च्या ‘सीक्‌कोड’ या स्वतंत्र नियमावलीत जनुकीय क्रमालाच नावाचा आधार मानण्याची सोय आहे.

उपयोग

या प्रक्रियेला हवा कमी लागते आणि मिथेनॉलसारखे सेंद्रिय पदार्थ घालावे लागत नाहीत. तिच्यावर आधारलेला पहिला पूर्ण क्षमतेचा प्रकल्प २००२ मध्ये रॉटरडॅम येथे सुरू झाला.