एक गीत, तीन वेळा

रॉक संगीताच्या इतिहासांत मेरिअन फेथफुल बहुधा मिक जॅगरची प्रेयसी म्हणूनच येते. सौंदर्य, प्रेरणा आणि व्यसन एवढ्यावर तिचे प्रकरण आटोपते. साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र तिचे एकच गीत तिच्याच तीन ध्वनिमुद्रणांत ऐकावे, असे आम्हांस वाटते.

'ॲज टीअर्स गो बाय' तिने प्रथम गायिले ते १९६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी. जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि अँड्र्यू लूग ओल्डम यांच्या नावावरचे हे गीत ब्रिटनच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेले. खेळणाऱ्या मुलांकडे दुरून पाहणाऱ्या, वय उतरणीला लागलेल्या व्यक्तीचे हे मनोगत. आवाज मात्र पातळ, निर्मळ, जवळजवळ शाळकरी. गीतातील निवेदक आणि गायिका यांचा मेळच बसत नाही. गंमत अशी की, लोकांना नेमके तेच आवडले.

पुढचा काळ वाईट गेला. 'सिस्टर मॉर्फिन'च्या शब्दांत तिचा वाटा होता. १९६९ मध्ये तिने ते स्वतः गायिले, पण डेका कंपनीने ती तबकडी लगोलग मागे घेतली. १९७१ साली रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स'वर तेच गीत आले, तेव्हा श्रेय होते फक्त जॅगर-रिचर्ड्स यांना. तिचे नाव तेथे लागायला पुढे वीसेक वर्षे जावी लागली. दरम्यान हेरॉइन, आणि लंडनच्या सोहो भागात रस्त्यावर काढलेले दिवस. १९७९ च्या 'ब्रोकन इंग्लिश'मध्ये ऐकू येतो तो खरखरीत, फुटका, खोल गेलेला आवाज. समीक्षक याला पुनरागमन म्हणतात. आम्हांस हा शब्द पटत नाही. १९६४ ची गायिका काही परत आली नव्हती.

१९८७ च्या 'स्ट्रेंज वेदर'मध्ये चाळिशीतील फेथफुलने ते जुने गीत पुन्हा गायिले. शब्द तेच, पण आता निवेदक सापडला. संहिता एकच असूनही बोलणारा बदलला की अर्थ कसा सरकतो, हे वर्गात समजावताना आम्हांस याहून सोपे उदाहरण आठवत नाही. तिसरे ध्वनिमुद्रण २०१८ चे. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती, आणि गाणे बोलण्याच्या अगदी जवळ आले होते. त्या संग्रहाचे नाव 'निगेटिव्ह कपॅबिलिटी'. १८१७ सालच्या एका पत्रातील कीट्सची ही संज्ञा आपल्या अभ्यासक्रमांत व्याख्येपुरतीच उरली आहे. येथे ती एका गायिकेने स्वतःच्या कामाला नाव म्हणून घेतली.

२०२० मध्ये कोविडमुळे ती रुग्णालयात होती. २०२१ साली आलेल्या 'शी वॉक्स इन ब्यूटी'त ती गात नाही. वॉरन एलिसच्या संगीतावर बायरन, शेली, कीट्स, टेनिसन वाचते. त्यांतील काही वाचने आजारापूर्वीची, काही नंतरची. ३० जानेवारी २०२५ रोजी लंडनमध्ये तिचे निधन झाले.