काउंट ओलिबा आणि रिपोलचा ग्रंथसंग्रह

पिरेनीज पर्वताच्या दक्षिणेस, कॅटलोनियात, रिपोल नावाचे गाव आहे. तेथील बेनेडिक्टाइन मठ विफ्रेड या काउंटने नवव्या शतकात स्थापन केला. ओलिबा हा त्याचाच पणतू. त्याचा जन्म इ. स. ९७१च्या सुमाराचा. पिता ओलिबा काब्रेता याने ९८८ मध्ये सत्ता सोडून इटलीतील मोंते कासिनोच्या मठाची वाट धरली. वारसांच्या वाटणीत बेर्गा व रिपोल हे प्रदेश ओलिबाकडे आले; परंतु तिशीच्या उंबरठ्यावर त्यानेही काउंटपद त्यागून रिपोलच्या मठात दीक्षा घेतली. १००८ मध्ये तो रिपोल व कुशा या मठांचा अधिपती झाला आणि १०१८ मध्ये विकचा बिशप.

ही विरक्ती जगाकडे पाठ फिरविणारी नव्हती. सरदारांच्या आपसांतील लढायांत गावे व देवळे लुटली जात. १०२७ मध्ये रुसिलोन प्रांतातील तुलुजेस येथील कुरणावर भरलेल्या धर्मसभेचे अध्यक्षस्थान ओलिबाने भूषविले. शनिवारच्या तिसऱ्या प्रहरापासून सोमवारच्या सकाळपर्यंत कोणीही शत्रूवर शस्त्र उचलू नये, असा निर्बंध तेथे ठरला. मोडणाऱ्यास धर्मबहिष्काराचे भय होते. त्याचे भाऊबंद स्वतःच राज्यकर्ते असल्याने त्याच्या शब्दास वजन होते, हेही खरे.

त्याचे दुसरे कार्य ग्रंथांचे. त्याच्या निधनानंतर, १०४७ मध्ये झालेल्या नोंदीत रिपोलच्या संग्रहात २४६ ग्रंथ होते. चर्मपत्रावर हाताने नकलावयाच्या त्या काळात ही संख्या असामान्य होय. धर्मग्रंथांबरोबर तेथे व्याकरण होते, प्राचीन लॅटिन काव्य होते आणि अरबी ज्ञानावर आधारलेले ग्रहतारे मोजण्याच्या यंत्रांविषयीचे लेखनही होते. मुस्लिम सत्तेशी सीमेवर संघर्ष चालू असताना तिच्याकडील विद्या मात्र या मठाने आपलीशी केली.

३० ऑक्टोबर १०४६ रोजी कुशा येथे ओलिबाने देह ठेवला. १८३५ च्या दंगलीत रिपोलचा मठ जळाला. जी हस्तलिखिते त्यापूर्वीच बार्सिलोनाच्या अभिलेखागारात हलविण्यात आली होती, ती वाचली. ओलिबाने सोडलेल्या काउंटपदाच्या सीमा आज नकाशावर नाहीत. त्याच्या मठातील पोथ्या मात्र अभ्यासक अजूनही उघडतात. ग्रंथ जमविणाऱ्याइतकाच ते वेळीच सुरक्षित जागी नेणाराही वंदनीय असतो, हे प्रत्येक ग्रंथालयाच्या सेवकांस सांगावयास नको.