पानांच्या भिंती: मराठवाड्यातील एका सजावटीचा इतिहास

केळीच्या, ताडाच्या आणि मॉन्स्टेराच्या मोठ्या हिरव्या पानांचा वॉलपेपर नांदेड-लातूरच्या दिवाणखान्यांत आला तो अलीकडे. घराच्या आत पाने काढण्याची हौस मात्र मराठवाड्यात दीड हजार वर्षांची आहे. इथे पान छतावर रंगले, गिलाव्यात उमटले, लाकडात कोरले गेले, नाहीतर ताजेच तोडून दाराला बांधले गेले. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाच्या रूपाने ते सगळ्यात शेवटी पोहोचले. याचे कारण लोकांच्या आवडीनिवडीपेक्षा भिंतींच्या बांधणीत अधिक सापडते.

सर्वांत जुना आणि सर्वांत संपन्न नमुना अजिंठ्याचा. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, तिथल्या महायान लेण्यांचा मोठा भाग कोरला आणि रंगवला गेला. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दान केले. दगडावर छिन्नीचे घाव मुद्दाम खडबडीत ठेवत, म्हणजे गिलावा धरून राहतो. त्यावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा थर, त्यावर अधिक बारीक थर, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रवात कालवलेले रंग. भिंतींवर जातककथा आहेत आणि तिथे सुपारी, केळ, आंबा, अशोक ही झाडे माणसांच्या मागे उभी आहेत. निव्वळ नक्षी म्हणून पान पाहायचे तर मान वर करावी लागते. पहिल्या, दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यांच्या छतांवर चौकोनी घरे आखून त्यांत कमळाची पाने, वेली, फळे आणि बदके भरली आहेत. एक आकृती दुसरीत शिरते, कोपऱ्यात वळते, पण नेमकी तशीच पुन्हा येत नाही. छापील कागदाला हे जमत नाही. हिरव्या रंगासाठी चित्रकारांना लांब जावे लागले नाही. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत हिरवी माती सापडते, तीच त्यांनी वापरली. निळा लाजवर्द मात्र अफगाणिस्तानातून यायचा.

या छतांच्या नकला युरोपात पोहोचल्या, पण आगीतून वाट काढत. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला लंडनजवळच्या सिडनहॅम इथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी आणि इतर विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवून घेतल्या. त्यांपैकी शंभराहून अधिक १८८५ मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन इथल्या आगीत गेल्या. जे उरले त्यावरून ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६ च्या सुमारास निघाला. त्यात छताच्या नक्षीला मोठी जागा आहे, कारण कारखान्यांतल्या नक्षीकारांच्या हाती हिंदुस्थानी नमुने द्यावेत हा त्या काळच्या कला शाळांचा एक हेतूच होता.

नांदेड-लातूरच्या जवळ यायचे तर देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे लागतात. कल्याणी चालुक्यांच्या काळातील या मंदिरांत रंग नाही. पान दगडातच कोरलेले आहे. बहमनी काळात कंधार, औसा आणि उदगीर हे किल्ले बीदरच्या कक्षेत आले आणि सजावटीचे वळण बदलले. बीदरजवळच्या अष्टूर इथे अहमदशाह वली या १४३६ मध्ये वारलेल्या सुलतानाच्या कबरीत भिंती आणि घुमट आतून वेलबुट्टी आणि अक्षरांनी रंगवलेले आहेत. बीदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात सोळाव्या शतकात अली बरीदने काळ्या दगडात शिंपल्यांचे जडावकाम करून घेतले, त्यातही वेलीच आहेत. भिंतभर पानाफुलांनी भरलेली खोली ही कल्पना या भागात आली ती या वाटेने. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात तिचे स्वस्त आणि तरीही देखणे रूप दिसते. १६६०-६१ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या इमारतीला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आल्याची नोंद आहे. संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला लावला आणि बाकीची शोभा चुन्याच्या गिलाव्यातून उठवलेल्या पानवेलींवर सोपवली. ताजमहालाशी तुलना करून तिला नावे ठेवणारे बहुधा हा गिलावा जवळून पाहत नाहीत.

चुन्याचा असा गिलावा परवडायचा तो सरकारदरबारी. घाण्यात मळलेला चुना, त्यात गूळ, बेलाचा गर, ताग. मग कारागिराचे हात. गावातल्या देशमुख-देशपांड्यांच्या गढ्या आणि वाडे दगड, पांढरी माती आणि सागवान यांचे. भिंती दोन-तीन हात जाड, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यात असे घर ओल धरते, भिंतीचे पोपडे सुटतात, लाकडाला वाळवी लागते. दर वर्षी माळवदावर माती घालायची आणि भिंती सारवायच्या किंवा चुन्याने पोतारायच्या, हा घर टिकवण्याचाच भाग होता. अशा भिंतीवरची कोणतीही नक्षी पुढच्या दिवाळीपर्यंतची. म्हणून टिकाऊ पान लाकडात गेले. दाराच्या चौकटीवर वेल, कमानीवर पाने, सुरूच्या आकाराचे खांब आणि तुळईच्या टोकाला लोंबणारे केळफूल, हा पेशवाईतल्या वाड्यांचा साज मराठवाड्यातही उचलला गेला. शेजारच्या निर्मलमध्ये नक्काश कारागिरांनी लाकडावर सोनेरी पानाफुलांची रंगीत कारागिरी जोपासली. निजामाच्या राज्यात तिला मान होता.

जे टिकवायचे नव्हते ते ताजे आणले जाई. आंब्याच्या पानांचे तोरण, लग्नातले मांडवडहाळे, सत्यनारायणाच्या चौरंगाला चार बाजूंनी बांधलेले केळीचे खुंट. लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर मात्र रंगारी गणपती, हत्ती आणि घडासह केळ काढून खाली वधूवरांची नावे लिही. ही चित्रे पुढच्या रंगकामापर्यंत राहत आणि कोणाकडे कधी कार्य झाले याची आयती नोंद होई.

युरोपात पेशवाईच्याच काळात पान कागदावर छापले जात होते. आल्सासमधल्या झ्युबर कारखान्याने १८०७ मध्ये ‘हिंदुस्तान’ नावाचा भिंतभर देखाव्यांचा कागद काढला. थॉमस आणि विल्यम डॅनियल यांच्या हिंदुस्थानातल्या चित्रांवरून तो रचला होता. ताड, हत्ती आणि देवळे छापायला १,२६५ लाकडी ठसे आणि ८५ रंग लागले. छपाई पुढे यंत्रावर गेली आणि कागद मध्यमवर्गाच्या घरांत पोहोचला. त्याच्या हिरव्या रंगात मात्र बरेचदा सोमल असे, म्हणजे आर्सेनिक. ओलीने बुरशी धरली की त्यातून विषारी वायू सुटे.

उष्ण प्रदेशातल्या पानांचे वेड तिकडे काचघरांनी वाढवले. इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ इथल्या ड्यूकच्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने १८३० च्या दशकात काचघरात केळी वाढवली. ड्यूकच्या घराण्यावरून तिला कॅव्हेंडिश म्हणतात. याच पॅक्स्टनने पुढे क्रिस्टल पॅलेस उभारला, जिथे गिल यांच्या अजिंठ्याच्या नकला जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर भागात होणारी केळीही कॅव्हेंडिश गटातलीच; तिथला ‘अर्धापुरी’ हा वाण त्या तालुक्याच्या नावाने ओळखला जातो. आज दुकानातल्या नमुन्यांच्या वह्यांमध्ये सर्वाधिक नक्कल झालेले केळीचे पान मात्र अमेरिकेचे. ‘मार्टिनिक’ हा कागद १९४२ मध्ये निघाला आणि तो बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या भिंतींवर गाजला.

हिंदुस्थानात वॉलपेपर फारसा रुजला नाही. खळीने चिकटवलेला कागद पावसाळ्यात सुटतो, झुरळे आणि कसर खळीवर जगतात आणि खालचा चुना श्वास घेतो तसा कागद फुगतो.  स्वातंत्र्यानंतर चुन्याच्या जागी डिस्टेंपर आला, खाली ऑइलपेंटचा पट्टा आला. कापलेल्या पत्र्याचे साचे आणि नक्षीदार रबरी रोलर यांनी रंगारी पाने-फुले उठवू लागले. एका हाताने रोलर फिरवला की वेल छतापर्यंत चढे. ही कला आता जवळपास गेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मेली, त्यांतली असंख्य जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. दगडमातीच्या घराची लोकांना धास्ती बसली आणि ज्याला जमेल तो सिमेंटकडे वळला. शहरांत ते वळण आधीच सुरू झाले होते. सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि पीओपी, अशी गुळगुळीत व कोरडी भिंत मराठवाड्याच्या सामान्य घरात पहिल्यांदाच उभी राहिली आणि कागद चिकटायला जागा झाली.

आता येणारा माल बहुतेक नुसता कागद नसतो. त्यावर व्हिनाईलचा थर असतो आणि तो ओल्या फडक्याने पुसता येतो. एका नेहमीच्या गुंडाळीत सुमारे ५७ चौरस फूट भिंत झाकली जाते. सगळी खोली मढवण्याऐवजी टीव्हीमागची किंवा पलंगामागची एकच भिंत पानांची करण्याचा रिवाज आहे. गणपती आणि महालक्ष्म्यांच्या आराशीतही पाने वाढली आहेत. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यानंतर मखरांच्या जागी कापडाचे पडदे आणि कृत्रिम पानांचे पट्टे दिसू लागले. वॉलपेपरचा जुना शत्रू म्हणजे ओल; तीही गेलेली नाही. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत पाणी झिरपत असेल, तर नवे व्हिनाईलही पहिल्या पावसाळ्यातच जोडावर उचलते. म्हणून जाणता कारागीर पाने लावण्याआधी भिंतीवर हात फिरवून ओल पाहतो.