रत्नागिरी जिल्हा बिगर-मुसलमान ग्रामीण मतदारसंघ (१९२०–१९३७)

मतदारसंघाचा इतिहास म्हणजे उमेदवारांची नावे आणि निवडणुकांचे निकाल, अशी समजूत रूढ आहे. मताधिकार मालमत्तेवर अवलंबून होता त्या काळाला ती लागू पडत नाही. कोणाला निवडावयाचे याआधी निवडावयाचे कोणी, हा प्रश्न तेव्हा महसुली दप्तरातच निकालात निघालेला असे. रत्नागिरीचा अल्पायुषी मतदारसंघ हे याचे बोलके उदाहरण होय.

१९१९ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यान्वये मुंबई कायदे कौन्सिलात ८६ निर्वाचित जागा ठरल्या. त्यांपैकी ४६ बिगर-मुसलमान व २७ मुसलमान मतदारसंघांच्या असून उरलेल्या युरोपियन, सरदार-जमीनदार, विद्यापीठ आणि व्यापार-उद्योग यांच्याकडे गेल्या. ४६ पैकी ११ जागा शहरी होत्या आणि त्या मुंबई, कराची, अहमदाबाद, सुरत, सोलापूर व पुणे यांच्यापुरत्याच होत्या. उरलेला सारा प्रदेश ‘ग्रामीण’ ठरला. त्यामुळे खुद्द रत्नागिरी व चिपळूण ही गावे नगरे असूनही ग्रामीण मतदारसंघातच मोडली. ‘ग्रामीण’ हा शब्द येथे वस्तीचे वर्णन करीत नाही. तो केवळ शासकीय वर्गवारीचा शब्द आहे.

ग्रामीण मतदाराची मुख्य कसोटी जमिनीच्या साऱ्याची होती. प्रांतात सामान्यतः किमान ३२ रुपये आकाराची जमीन आवश्यक होती. रत्नागिरी व पंचमहाल यांसारख्या जिल्ह्यांत मात्र ही मर्यादा १६ रुपयांवर आणण्यात आली. डोंगराळ प्रदेश, विस्तीर्ण वरकस जमीन आणि लहान लहान खातेवाटण्या ध्यानी घेतल्या म्हणजे ही सवलत का द्यावी लागली हे कळते. देशावरची फूटपट्टी येथे लावली असती, तर यादी जवळजवळ रिकामीच राहिली असती. तरीही १६ रुपयांची रेषा बहुसंख्य शेतकऱ्यांच्या डोक्यावरूनच जात होती. त्यातच खोती पद्धतीत सरकार व कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता. गावाचा वसूल सरकारात भरणारा तो, राबणारे कूळ.

या मुख्य दाराखेरीज एक लहान दारही होते. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना जमीन नसतानाही मत मिळे. ज्या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पलटणीत गेली आणि जेथे दापोलीसारख्या ठिकाणी निवृत्त सैनिकांची जुनी वस्ती होती, तेथे या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे. स्त्रियांवरील बंदी कौन्सिलाने १९२१ मध्ये उठविली. पण मालमत्तेची अट कायम राहिल्याने, स्वतःच्या नावावर जमीन नसलेल्या स्त्रीला या निर्णयाचा लाभ नाममात्रच होता.

या व्यवस्थेखाली १९२०, १९२३, १९२६ व १९३० अशा चार निवडणुका झाल्या. पहिल्या आणि शेवटच्या निवडणुकीवर काँग्रेसचा बहिष्कार होता. १९३५ च्या कायद्याने कौन्सिलाची जागा १७५ सभासदांच्या विधानसभेने घेतली, साऱ्याची मर्यादा ८ रुपयांवर आली, आणि रत्नागिरीचे उत्तर व दक्षिण असे भाग पडले. अनेक सभासदांच्या मतदारसंघात आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभाही मतदारास मिळाली.

परिणाम तत्काळ दिसला. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे अनंतराव चित्रे या जिल्ह्यातून निवडून आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. ते संमत झाले नाही, आणि खोती रद्द करणारा कायदा येण्यास १९४९ साल उजाडावे लागले. तथापि कुळाचे गाऱ्हाणे विधिमंडळात विधेयकाच्या रूपाने उभे राहिले, ही गोष्ट लहान नव्हे. केवळ मर्यादा घटली म्हणून हे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यामागे कुळांची संघटना व चळवळ होती. पण त्या चळवळीला मतपेटीपर्यंत पोहोचण्याची वाट मर्यादा घटल्यामुळे रुंदावली, एवढे निश्चित म्हणता येते.

१९५१-५२ च्या प्रौढ मतदानाने साऱ्याची रेषाच पुसली गेली. म्हणून अशा मतदारसंघाच्या अभ्यासकाने निकालपत्राशेजारी जमाबंदीची दप्तरेही उघडली पाहिजेत. यादीत कोण होते हे पहिले पत्रक सांगते; कोण नव्हते, याचा माग दुसऱ्यातच लागतो.