शंभर माणसं, एक इंच

आधी पायातले बूट काढा आणि हातात घ्या. इथं सगळे तसंच चालतात. रविवारचे बूट चिखलात घालून नासवणं कोणाला परवडतंय? किनारा आला की पाय धुवायचे, मोजे चढवायचे, बूट घालायचे आणि मगच उपासनेला जायचं. तोवर अनवाणी. पायाखाली काळा, ओला चिखल आहे. तो बोटांच्या फटींतून वर येतो आणि इतका गार आहे की पहिली दहा पावलं तुम्ही श्वास धरूनच टाकता.

तुम्ही आलात ते स्कॉटलंडच्या पश्चिमेला, सुनार्ट नावाच्या लांबच लांब खाडीच्या काठी. साल 1846, उन्हाळा सरत आलाय. दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांवर ओकची जुनी रानं आहेत, बुंध्यांवर शेवाळाचा जाड थर. जवळचं गाव स्ट्रॉन्शियन. त्या गावाशी तुमची दिवाळीची ओळख आहे. तिथल्या शिशाच्या खाणीत सापडलेल्या खनिजावरून स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याला नाव मिळालं, आणि शोभेच्या दारूतला लालभडक रंग त्याचाच. आज मात्र खाण गप्प आहे, होड्यांवरची जाळी वाळत पडलीत. विहिरीचं पाणीसुद्धा काल संध्याकाळीच भरून ठेवलेलं. रविवार म्हणजे शब्बाथ, देवाचा विसाव्याचा दिवस; हातचं काम शनिवारी रात्री संपलं पाहिजे.

चेहऱ्यावर काहीतरी चावतंय ना? चिलटं. डोळ्यांत, कानांत, केसांच्या मुळाशी, सगळीकडे. हात झाडून काही होणार नाही. पुढच्या म्हातारीकडे बघा. डोक्याला पांढरीशुभ्र टोपी, अंगावर शाल, काखेत बायबल, आणि ती चिलटांकडे ढुंकूनही बघत नाही. पाण्यावर वारा आहे. तिथं पोचलात की तुमचाही पिच्छा सुटेल.

वाटेत एक वास येतो आणि पोटात ढवळून निघतं. गोडसर, कुजका, दाट वास. बांधापलीकडे बटाट्याचं शेत आहे. गेल्या आठवड्यात हिरवंगार होतं, आज पानं काळी पडून जमिनीला चिकटलीत. या साली हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ मुलखातल्या, शेतामागून शेतात हाच रोग शिरलाय, आणि इथल्या माणसाचं वर्षभराचं जेवण म्हणजे बटाटाच. बरोबरची माणसं त्या शेताजवळून जाताना बोलणं थांबवतात. कोणी मान वळवून बघत नाही. लहान मुलं नाक दाबतात, तेव्हा आईचा हात हळूच त्यांच्या पाठीवर येतो आणि मुलं नाक सोडतात.

आणि मग किनारा. ओहोटी आहे, समुद्रशेवाळाचा खारट, उग्र दर्प छातीत भरतो. शे-दोनशे माणसं दगडांवर बसून बूट घालताहेत. चर्च कुठे आहे म्हणून तुम्ही झाडांत मनोरा शोधाल. झाडांत नाही, पाण्यात बघा. हाकेच्या अंतरावर नांगर टाकून उभं आहे ते. खाली जहाज, वर चर्च.

चर्च पाण्यात का, ते थोडक्यात सांगतो, कारण होड्या सुटायला लागल्यात. पाळक कोणी निवडायचा, मंडळीनं की जमीनदारानं, या वादातून तीन वर्षांपूर्वी, 1843 साली, स्कॉटलंडचं प्रेसबिटेरियन हे प्रोटेस्टंट चर्च दुभंगलं. साडेचारशेच्या आसपास पाळक पगार, घर आणि चर्चची इमारत सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च उभं राहिलं. सुनार्टच्या माणसांनी त्यांची साथ धरली. पण इथले डोंगर, रान, वाट, ढेकूळ न् ढेकूळ जमीनदार सर जेम्स रिडेल यांच्या मालकीचं. नव्या चर्चसाठी जागा मागितली, तर त्यांनी नाही म्हटलं. मंडळी उघड्यावर बसू लागली, पावसात आणि हिवाळ्यातसुद्धा. इथला पाऊस आडवा येतो, शालीतून थेट हाडात जातो. तान्ही पोरं घेऊन बायका त्यात बसल्या आहेत. देवाचं नाव घ्यायला चार भिंतींपुरती जमीन नाकारणं याला मी निर्दयपणाच म्हणेन, आणि कायद्यानं तो हक्क होता हे सांगून मला तो सौम्य करता येत नाही. जमीन मिळेना तेव्हा या लोकांनी पाण्याकडे पाहिलं. सुमारे 1400 पौंड उभे राहिले, क्लाइड नदीवरच्या गोदीत तरंगतं चर्च बांधून झालं, आणि समुद्रातून ओढत ओढत ते या खाडीत आणून उभं केलं.

चला, तुमची पाळी. नावाडी हात पुढे करतो. तो हात कसा आहे बघा: सालटं निघालेला, मिठानं चरे पडलेला, आणि पकड अशी की तुम्ही पडूच शकत नाही. "बसा, मधोमध बसा." होडी भरते. गुडघ्याला गुडघे लागतात. शेजारच्या माणसाच्या घोंगडीवजा कोटाला पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाच्या, धुराचा वास आहे, मेंढीचा आहे आणि त्याखाली आणखी एक आंबूस वास आहे. लोकर घट्ट करायला ती शिळ्या लघवीत भिजवून आपटतात, त्याची ती आठवण. नाक मुरडू नका, दहा मिनिटांत तुमच्याही कपड्यांना तोच वास येणार आहे. वल्हं पडतं, वारा लागतो, आणि खरंच, चिलटं गायब.

जहाजाच्या कडेला होडी ठोकते. वर चढा. दाराशी पैशांची थाळी आहे आणि तिच्याजवळ मंडळीतले एक वडीलधारे उभे आहेत, चेहरा गंभीर, पण तुम्हाला बघून मान किंचित झुकते. पेनी टाका. थाळीत तांब्याचाच आवाज आहे. फ्री चर्चचे पुढारी थॉमस चाल्मर्स यांचा हिशेब साधा होता: प्रत्येक घरानं आठवड्याला एक पेनी दिली तरी पाळकांची चूल पेटेल. अशा पेन्यांवर उभ्या राहिलेल्या या चर्चचा धागा तुमच्या गावापर्यंत येतो. गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते डॉ. जॉन विल्सन या फुटीत फ्री चर्चबरोबर गेले, आणि नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांची आठवण सांगतं त्या स्टीफन हिस्लॉप यांना फ्री चर्चनंच नागपूरला धाडलं. शेतात बटाटा कुजत असताना टाकलेली पेनी आहे ही.

आत शिरा. बाकं गच्च. सातशेच्या वर माणसं मावतात इथं. ओल्या लोकरीतून वाफ निघतेय, खिडक्यांच्या काचांवर घाम धरलाय, आणि नुकत्याच सोसलेल्या गारठ्यानंतर ही माणसांची ऊब तुम्हाला एकदम अंगावर येते. डांबर, रंग, श्वास, ओलं कुत्रंसुद्धा. कोणाचं तरी मेंढपाळी कुत्रं होडीत उडी मारून आलंय आणि बाकाखाली डोळे मिटून पडलंय. त्याला कोणी हाकलत नाही. तळाशी पाणी थपडा मारतंय. नांगराची साखळी करकरते. पाठ टेकलीत की कळतं, सगळं चर्च हळूहळू डुलतंय.

आता गप्प. एक माणूस उठतो. हा पुढचा गायक. वाद्य नाही, पेटी नाही, ऑर्गन तर या माणसांना चालतच नाही. तो एकटा इथल्या गेलिक भाषेत स्तोत्राची एक ओळ उचलतो, पट्टी उंच, आवाज थोडा खरखरीत. ती ओळ संपायच्या आत मंडळी तुटून पडते. कीर्तनात बुवांनी फेकलेला चरण टाळकरी उचलतात, तसंच; पण इथं उचलल्यावर प्रत्येक जण आपल्या वाटेनं जातो. एक बाई स्वराला खालून गोंजारत वर येते. मागचा म्हातारा तोच स्वर धरून थरथरवत ठेवतो. तुमच्या शेजारची तरुण मुलगी दोन मुरक्या जास्त घेते आणि सगळ्यांच्या नंतर पोचते. कोणी कोणासाठी थांबत नाही, कोणी मागे राहिलाय असंही वाटत नाही. बसूनच गातात हे लोक, म्हणून तो नाद कमरेच्या उंचीवर साठतो, बाकाच्या फळीतून तुमच्या मणक्यात चढतो. तुम्हाला गेलिकचा एक शब्द येत नसेल. तरी तोंड उघडा. तुमचा स्वर चुकला तर त्या लाटेत कुठंतरी बसून जाईल.

मला इथं 2020 ची टाळेबंदी आठवते. जगभरच्या प्रेसबिटेरियन मंडळ्या घराघरांतून स्क्रीनवर उपासनेला बसल्या, आणि एकत्र गायला गेलं की प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोचायचा. मग बहुतेक ठिकाणी सगळ्यांचे माइक बंद करून एकानंच गायचं ठरलं. सुनार्टच्या या माणसांना ते फार खटकलं असतं. वेगवेगळ्या वेळी पोचणं हेच तर त्यांचं एकत्र गाणं.

आता उठा. प्रार्थना उभ्यानं. आणि ती लांब असते. पाळक डोळे मिटून बोलत राहतात, जहाज डुलत राहतं. सवयीची माणसं गुडघे सैल सोडून त्या डुलण्याबरोबर डुलतात. तुम्ही ताठ उभे आहात म्हणून तोल जातोय. शेजारीण न बोलता कोपर पुढे करते. धरा. कुठेतरी बाळ रडतं. प्रार्थनेत शेतांचं नाव येतं तेव्हा सगळ्या बाकांवरून एकदम श्वास सुटल्याचा आवाज होतो. आजवर कोणी जे मोठ्यानं बोललेलं नाही, ते पाळकांनी बोलून टाकलंय.

मग प्रवचन. तास होईल, जास्तही होईल. आवाज आधी सपाट, मग चढतो, चढता चढता त्याला चाल येते. पुढच्या बाकावरचा खाणकामगार, नखांत अजून शिशाची काळी धूळ, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट रोवून ऐकतोय. मधोमध पाळक एक प्रश्न विचारल्यासारखे थांबतात. तेवढ्या शांततेत बाहेर एक सील पाण्यावर फुसकारा सोडतो, आणि आतली लहान मुलं एकमेकांकडे बघून ओठ दाबतात.

उपासना सुटली. दारात रेटा नाही, होडी लागेल तशी माणसं बाहेर पडताहेत. कडेला या आणि खाली पाण्याकडे बघा. या जहाजाची एक खरी गोष्ट आहे, त्या काळच्या आठवणींत नोंदलेली: शंभर माणसं आत आली की चर्च एक इंच पाण्यात खाली जातं. म्हणजे कोणत्या पाळकाला किती मंडळी जमली ते किनाऱ्यावर बसूनसुद्धा सांगता येतं. आता एकेक होडी भरून निघते आहे आणि चर्च ओलं अंग दाखवत केसभर वर येतंय. एरवी पाळकांच्या कौतुकाचं एक अक्षर न काढणारा तुमचा नावाडी वल्हं हातात घेऊन त्या ओल्या रेषेकडे निरखून बघतो, मनातल्या मनात मोजतो आणि तुमच्याकडे वळतो.

"पुढच्या रविवारी येणार असाल तर लवकर निघा," तो म्हणतो. "बाहेरगावचे पाळक येणार आहेत. मागच्या खेपेला ते आले होते, तेव्हा मला सात फेऱ्या माराव्या लागल्या."