पट्टाभींऐवजी दुसरे कोणी असते तर?

सिंदी मेघे वर्ध्याला इतके लागून आहे की गाव कुठे संपले आणि शहर कुठे सुरू झाले, हे नव्या माणसाला सांगता यायचे नाही. त्या वर्ध्याच्या बजाजवाडीत काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठका भरत. सेवाग्राम तर सकाळी सायकलवर निघून जेवणाच्या वेळी घरी परत यावे इतके जवळ. त्यामुळे 1939 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आम्हांला दूरची वाटत नाही. राष्ट्रपती हा शब्द ऐकून तरुण श्रोत्यांनी गोंधळू नये. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षालाच लोक राष्ट्रपती म्हणत.

हकिकत थोडक्यात अशी. 1938 साली हरिपुऱ्याला सुभाषबाबू अध्यक्ष झाले आणि पुढच्या वर्षीही उभे राहण्याचे त्यांनी ठरवले. गांधीजींच्या जवळच्या मंडळींना ते नको होते. मौलाना आझादांचे नाव पुढे आले. पण मतदानाला आठ-दहा दिवस उरले असताना मौलानांनी अंग काढून घेतले आणि डॉ. पट्टाभी सीतारामय्या यांना पाठिंबा दिला. मग कार्यकारिणीतल्या सात जणांनी पत्रक काढून सुभाषबाबूंना माघार घ्यायला सांगितले. त्यांत सरदार पटेल व राजेंद्रबाबू होते, तसेच आपल्या वर्ध्याचे जमनालालजी आणि महाराष्ट्राचे शंकरराव देवही होते. 29 जानेवारीला मतदान झाले. सुभाषबाबूंना 1580, पट्टाभींना 1377. हा पराभव पट्टाभींपेक्षा माझाच अधिक आहे, असे गांधीजींनी जाहीर केले.

आता प्रश्न असा की, त्या बाजूने दुसरा उमेदवार दिला असता तर निकाल फिरला असता काय?

आम्ही कामगार संघटनेत मते मोजण्यातच उमेदीची वर्षे घालवली, म्हणून आधी आकड्यांकडे पाहतो. फरक 203 मतांचा. म्हणजे मत देणाऱ्या जवळजवळ तीन हजार प्रतिनिधींपैकी 102 जण इकडचे तिकडे झाले असते तरी निकाल उलटला असता. त्यातून एकट्या बंगालने सुभाषबाबूंना चारशेच्या आसपास मते दिली आणि पट्टाभींना ऐंशीच्या आत. बंगाल वगळला तर सुभाषबाबू मागे पडतात! आंध्र, गुजरात आणि बिहार पट्टाभींच्या बाजूला भक्कम होते, महाराष्ट्र जवळजवळ निम्मा-निम्मा. पण राजाजींच्या तमिळनाडूतसुद्धा पट्टाभी थोडे मागेच राहिले. मद्रास इलाख्यातून आंध्र वेगळा काढा असे वर्षानुवर्षे सांगणारा गृहस्थ तमिळ प्रतिनिधींना कितीसा गोड लागणार?

आझाद मुक्कामाने कलकत्त्याचेच. बंगालची काही मते त्यांनी खेचली असती आणि उत्तरेकडची कितीतरी. ते शेवटपर्यंत उभे राहिले असते तर बहुधा निवडून आले असते, असे आमचे मत आहे. पुढच्याच वर्षी रामगड अधिवेशनासाठी ते उभे राहिले तेव्हा त्यांना 1854 आणि मानवेंद्रनाथ रॉय यांना 183 मते पडली, हा पुरावा कोणी देतात. आम्ही तो फारसा मानत नाही. तोवर सुभाषबाबूंना तीन वर्षे काँग्रेसच्या निवडून दिलेल्या जागांवरून दूर ठेवण्यात आले होते. दुसरा पहिलवान आखाड्याबाहेर असताना मारलेली कुस्ती ती.

नेहरू उभे राहते तर लढत झालीच नसती. पण ते तयार नव्हते. सुभाषबाबूंनी पुन्हा उभे राहू नये असे त्यांनाही वाटत होते, तरी सातांच्या पत्रकावर त्यांनी सही केली नाही. उरले आचार्य नरेंद्र देव. त्यांच्यासारखा संघराज्य योजनेचा खरा विरोधक अध्यक्ष होत असेल तर आपण बाजूला होतो, असे सुभाषबाबू स्वतः म्हणाले होते. 1935 च्या कायद्यातल्या त्या योजनेवर इंग्रजांशी तडजोड होईल, हीच त्यांची धास्ती होती. पण समाजवादी आचार्य सरदारांच्या मंडळींना कसे चालावेत?

पट्टाभी हा माणूसच पडणारा होता असे मात्र कोणी समजू नये. हेच पट्टाभी 1948 साली पुरुषोत्तमदास टंडनांना हरवून काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मग 1939 मध्ये चुकले काय? आमच्या मते, उमेदवारी वरून आली आणि उशिरा आली. एकदा आमच्याच संघटनेत आम्ही ही चूक केली. गेटवर वर्षभर उन्हात उभा राहणारा एक प्रामाणिक सहकारी आम्ही पाच-सहा जणांनी खोलीत बसून ठरवला, मतदानाच्या चार दिवस आधी फलकावर नाव लिहिले आणि समोरच्याला ‘बस खाली’ म्हणून सांगितले. कामगारांनी त्याला पाडले. नंतर भेटणारा प्रत्येक जण म्हणे, माणूस चांगला होता हो, पण आम्हांला विचारले कोणी?

1939 च्या प्रतिनिधींचे मन असेच असावे. कारण मार्चमध्ये त्रिपुरीला, म्हणजे दीडच महिन्यात, नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी हा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला. समाजवादी मंडळी तटस्थ राहिली. सुभाषबाबू तापाने फणफणलेले, आणि गांधीजी राजकोटला. निवडणुकीतल्या मतांचा अर्थ ‘गांधीजी नकोत’ असा असता, तर हा ठराव तिथे टिकला असता काय? ज्यांना सुभाषबाबू हवे होते त्यांतल्या पुष्कळांना गांधीजीही हवे होते.

म्हणून दुसऱ्या उमेदवाराने मतांचा आकडा बदलला असता. भांडण बदलले नसते. आझाद निवडून येते तर फूट काही काळ झाकली गेली असती. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले आणि संघराज्य योजना बारगळली, पण युद्धात इंग्रजांशी कसे वागायचे हा वाद त्याच दोन बाजूंमध्ये उभा राहिलाच असता.

आमचे मन मात्र उमेदवारापाशी थांबत नाही, ते 22 फेब्रुवारीच्या वर्ध्याच्या बैठकीपाशी थांबते. आठवडाभरापूर्वी सुभाषबाबू गांधीजींना इथेच, तेव्हाच्या शेगावात, भेटून गेले होते. मग ते आजारी पडले आणि बैठक पुढे ढकलावी म्हणून त्यांनी कलकत्त्याहून तार केली. अध्यक्षाविना वर्ध्यात जमलेल्यांपैकी बारा जणांनी राजीनामे दिले. नेहरूंनी आपले निवेदन वेगळे काढले. 29 एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनीही राजीनामा दिला आणि राजेंद्रबाबू अध्यक्ष झाले.

ही हकिकत आम्ही एकदा जिनिंगमधल्या कामगारांच्या अभ्यासवर्गात सांगितली. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने उमेदवारांची नावे नीट ऐकूनही घेतली नाहीत. त्याने एवढेच विचारले, ‘भाऊ, पंधराशे ऐंशी लोकायनं मत देल्लं, त्याइले मंग कोनी इचारलं का?’ आम्हांला उत्तर देता आले नाही.